मिनिटाला अकरा थेंब

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार घालायला जमिनीवर आडवं व्हावं लागतं. गेले तीन आठवडे मी तुमच्या मोटरसायकलशेजारी रोजच आडवी होते आहे (पालथी नव्हे, उताणी, पण तेवढा फरक सोडला तर बाकी सगळं तेच), तेव्हा नमस्कार पोचला असं धरावं. तुमची कंबर कशी आहे? बंदरावरच्या तुमच्या क्रेनला शंभर पायऱ्या आहेत असं तुम्ही आधी लिहिलं होतंत आणि त्यानंतरच्या पत्रात एकशेवीस. पायऱ्या खरोखर वाढल्या असतील तर हरकत नाही, पण कंबरेमुळे वाढल्यासारख्या वाटत असतील तर दाखवून घ्या. इकडे मामी बरी आहे. मी बरी आहे. मोटरसायकल बरी नव्हती, आता आहे, आणि हे पत्र त्याबद्दल आहे.

तुमचं पत्र मिळालं. ते तुम्ही घरच्या पत्त्यावर न पाठवता माझ्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवलंत, त्यामुळे आमच्या विभागात मला कुणीतरी प्रेमपत्र लिहितं अशी दोन दिवस चर्चा होती. पाकिटावर 'क्रेन विभाग' असा शिक्का पाहून ती थांबली. आत लिहिलेलं असं: तुमचा तिकडचा करार आणखी दोन वर्षांनी वाढला आहे, मामीला हे तुम्ही 'योग्य वेळी, सावकाश' सांगणार आहात, तोवर मी गाडी विकायची व्यवस्था करावी, तुमच्या ओळखीचे चष्म्याच्या दुकानाचे मालक तीन आठवड्यांनी रविवारी बघायला येतील, आणि तोपर्यंत 'बारीकसारीक काही असेल तर' करून घ्यावं. बारीकसारीक होतं. त्याचा अहवाल देते. अहवाल लांबला आहे, कारण काम लांबलं.

मामीला मी एवढंच सांगितलं की गाडी उभी राहून खराब होते म्हणून मामांनी विकायला सांगितली आहे. (कारण तुमचंच, शब्दही तुमचेच. मी पदरचं काही घातलं नाही.) मामी म्हणाली, "बरं झालं. जाऊ दे ते धूड. अंगण मोकळं होईल." मग ती वाळलेले कपडे काढायला गेली आणि एकाच टॉवेलची घडी तिने तीनदा घातली. हे मी मुद्दाम मोजलं नाही. मोजायची सवय आहे, आपोआप होतं.

आता लक्षण. गाडी मागच्या अंगणात पत्र्याखाली, तुम्ही लावून गेलात तिथेच, तुमच्या निळ्या चादरीखाली उभी आहे. टाकीखालचा पेट्रोल कॉक (तुम्हाला माहीत आहे, पण अहवाल पूर्ण असावा म्हणून लिहिते: टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे सोडणारा छोटा नळ, दांडीच्या तीन जागा, चालू, बंद आणि रिझर्व्ह) दांडीच्या मुळाशी गळत होता. बंद असताना मिनिटाला अकरा थेंब. मी घड्याळ लावून तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा अकराच आले. इतका नेमकेपणा आमच्या कारखान्यात माणसांकडूनसुद्धा मिळत नाही. मामीने खाली स्टीलचं पातेलं ठेवलं होतं. पेट्रोल असं उघड्यावर ठेवत नाहीत हे मी तिला समजावून सांगितलं, तेव्हा तिने त्यावर ताटली झाकली, आणि मग थेंब ताटलीवर पडू लागले.

माझी पंचाईत लक्षात घ्या. मी व्हॉल्व्हच्या कारखान्यात गळती तपासते. रोज दोनशे व्हॉल्व्ह पाण्यात बुडवायचे, आत हवा भरायची, बुडबुडा येतो का पाहायचं, आणि नाही आला तर वर माझा शिक्का. माझा शिक्का बसलेला एकही नग आजवर परत आलेला नाही. अशा बाईच्या राहत्या घरात, तिच्या खोलीच्या बरोबर खाली, मिनिटाला अकरा. मामी म्हणाली, "दिवसभर लोकांचे नळ तपासतेस आणि घरचा नळ गळतोय. बाहेर कुणाला सांगू नकोस हो." मी कुणालाच सांगितलं नाही. मामीने शेजारच्या घड्याळजींना सांगितलं आणि घड्याळजींनी उरलेल्या गल्लीला.

घड्याळजी डोळ्याला भिंग तसंच लावून अंगणात आले. त्यांनी कॉक पाहिला आणि म्हणाले, "साबण लाव, पोरी. अंगाचा नको, कपड्यांचा." मी म्हटलं, असं कुठल्याच पुस्तकात नाही. "म्हणूनच चालतं," ते म्हणाले. मी केवळ त्यांचं म्हणणं खोटं पडावं म्हणून साबण लावला आणि गळती थांबली. (नंतर मी माहिती काढली. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे फटीत बसून राहतो. म्हणजे कारण आहे. कारण असल्यावर मला राग येत नाही.) साबण एकोणीस तास टिकला. ते मी त्यांना प्रामाणिकपणे कळवलं, तर म्हणाले, "एकोणीस तास म्हणजे चांगलंच की. मी घड्याळांना रोज चावी देतो, तू ह्याला रोज साबण दे." मी आभार मानले आणि कॉक उतरवायचं ठरवलं.

त्यासाठी आधी टाकी रिकामी करावी लागते. शनिवारी दुपारी मी कॉकला नळी जोडली, नळीचं तोंड डब्यात सोडलं आणि दांडी फिरवली. पेट्रोल शिवणाच्या दोऱ्याएवढ्या धारेने यायला लागलं. टाकीत अजून बरंच होतं, आणि धार बारीक, म्हणजे पाऊण तास नुसतं थांबायचं. मी फरशीवर पडून टाकीच्या पोटाकडे पाहत राहिले. दोरीवर तुमच्या जुन्या लुंगीचं फडकं वाळत होतं, त्यातून ऊन गाळून येत होतं. डब्याच्या तोंडावरची हवा हलत होती आणि तिच्यामागची भिंतही हलत होती, जणू कुणी भिंतीची चादर धुऊन नुकतीच लटकवली आहे. वर पत्रा तापून मधूनच टिक् असा वाजायचा. फरशीवर सांडलेल्या एका थेंबाने सात रंग धरले, पसरले, आणि वाऱ्यावर सोडून दिले, मागे काही न ठेवता. मी सातव्या वर्षी ह्याच टाकीवर, तुमच्या पुढ्यात बसायचे. तुम्ही म्हणायचात, कान लाव, किती आहे सांग. मी कान लावायचे. टाकी गरम असायची, आतून समुद्रासारखा आवाज यायचा आणि मी म्हणायचे, अर्धी. तुम्ही टोपण उघडून काडी घालून बघायचात. मोजमापाचं माझं पहिलं उपकरण हे, आणि तेव्हा माझी चूक किती यायची हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. नेहमी 'बरोबर' म्हणायचात. हे आत्ता पहिल्यांदा संशयास्पद वाटतं.

आणि तुमची ती कोपऱ्यावरची तऱ्हा. लाँड्रीच्या कोपऱ्यावर आलात की डावा हात खाली घालून चालत्या गाडीचा कॉक बंद करायचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या घोटभर पेट्रोलवर गाडी गल्ली पार करते आणि बरोब्बर फाटकाशी येऊन स्वतःच बंद पडते. मला लहानपणी वाटायचं की गाडीला घर ओळखता येतं. स्वयंपाकघरात मामी आवाज थांबला की चहाचं पाणी ठेवायची. हे सगळं मला फरशीवर पडल्यापडल्या इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी फाटकाकडे पाहिलं. मी झोपले नव्हते. (डबा भरून वाहायच्या चार मिनिटं आधी उठले. झोपलेल्या माणसाला ते साधत नाही.)

कॉक उतरवला. दांडीच्या मागे शर्टाच्या मोठ्या बटणासारखा, चार भोकांचा रबरी वॉशर असतो. त्यावर दांडी फिरते. तुमच्या वॉशरवर गोल ओरखडे होते, एकाआत एक, झाड कापल्यावर खोडात दिसतात तसे. आणि खाली जाळीपाशी चिमूटभर गंज, मेंदीएवढा बारीक. टाकीतला गंज वॉशरपर्यंत आला आणि त्याने रबर खाल्लं, इथवर माझा तर्क ठीक होता. वॉशर रुमालात बांधून मी लाँड्रीमागच्या मेकॅनिककडे गेले. त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात, कारण ते आधी टाकीवर टिचक्या मारून ऐकतात आणि मग गाडीपासून दूर जाऊन, हळू आवाजात मालकाला सांगतात.

डॉक्टरांनी वॉशर उजेडात धरला. "हा रोज कोण फिरवतं?"

"कुणी नाही. गाडी चौदा महिने उभी आहे."

"ताई, उभ्या गाडीचं रबर आखडतं, तडकतं. हे घासलंय. हे कुणीतरी रोज फिरवलंय."

शक्य नाही, असं मी म्हटलं, आणि का शक्य नाही हेही सांगितलं. दिवसाच्या उन्हात टाकी प्रसरण पावते, संध्याकाळी आकुंचन पावते, त्यामुळे दांडीखाली सूक्ष्म हालचाल होते, तिची बेरीज चौदा महिन्यांत किती होईल वगैरे. सात मिनिटं बोलले. डॉक्टर हातातला पाना खाली ठेवून अदबीने ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं बरोबरच असेल. पण वॉशर दोन घेऊन जा."

मी दोन घेतले. दुसरा लागणार नाही अशी खात्री असल्यामुळे तो स्क्रूच्या डबीत तळाशी टाकला. टाकीत थोडं पेट्रोल आणि सायकलची जुनी साखळी घालून टाकी हलवली (घड्याळजी कुंपणावरून म्हणाले, "काय, खुळखुळा वाजवतेस?"), गंज काढला, जाळी धुतली, कॉक जोडला. रात्रभर शून्य थेंब. शिक्का घरी आणलेला नव्हता म्हणून, नाहीतर मारला असता.

रविवारी सकाळी गाडी चालवून पाहिली. एकोणिसाव्या किकला सुरू झाली आणि घड्याळजींच्या दुकानातली दोन बंद घड्याळं चालू झाली असं ते म्हणतात, ते मी नोंदवलेलं नाही. मोठा रस्ता, पाण्याची टाकी, परत. लाँड्रीच्या कोपऱ्यावर मी डावा हात खाली घातला आणि कॉक बंद केला. तुम्ही शिकवलं नव्हतं, हात आपोआप गेला. गल्लीत उन्हं आडवी आली होती, एका ओट्यावर कुणीतरी उशा वाळत घातल्या होत्या, आणि इंजिनाचा आवाज हळूहळू पातळ होत जाऊन थांबला, फाटकाच्या नऊ मीटर आधी. पुढचे नऊ मीटर गाडी नुसती तरंगत आली. तेवढ्या वेळात मला कसलाच आवाज आला नाही. मी गाडी आत घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी लावली. गॅसवर पाणी ठेवलेलं होतं आणि ओट्यावर दोन कप. एक मामीचा आणि एक तुमचा, कान तुटलेला. मामीने दारातून माझ्याकडे पाहिलं. "तू होय," म्हणाली. तुमचा कप आत ठेवला आणि माझा काढला. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. मी कॉक दुरुस्त करत होते.

सोमवारी संध्याकाळी कामावरून आले तर मिनिटाला दोन थेंब. मंगळवारी चार.

मी रात्रीचं जेवण नीट जेवले नाही, हे मामीने तुम्हाला फोनवर सांगितलं असेल. कारण तिने सांगितलं असेल ते (कारखान्यात साहेब बोलले) खरं नाही. कारण चार थेंब. बुधवारी पुन्हा उघडलं. नव्या वॉशरवर एक ताजा ओरखडा, आणि त्यात गंजाचा एक कण. साखळीतून सुटलेला एखादा कण असू शकतो, ते मान्य. पण कण आपल्या पायांनी गोल फिरत नाही, त्याला कुणीतरी फिरवावं लागतं. मी डबीतून दुसरा वॉशर काढला (डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही) आणि कॉक जोडल्यावर दांडीपासून अंगापर्यंत पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली. आम्ही कारखान्यात असंच करतो. दांडी जरा जरी हलली की रेघ तुटते. गुरुवारी संध्याकाळी रेघेचे दोन तुकडे जवळजवळ होते, पण जुळत नव्हते. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. म्हणजे कुणीतरी दांडी फिरवून परत 'बंद'वर आणली होती, काळजीपूर्वक, पण माझ्याइतकी नाही.

मी संशयितांचा तक्ता केला. रस्त्याची कंपनं: फरक फार मोठा, बाद. घड्याळजी: दुपारी झोपतात, घोरणं ऐकू येतं, बाद. मांजर: दांडी फिरवायला किती जोर लागतो ते मी ताणकाट्याने मोजलं. मांजराला दांडीला लोंबकळावं लागलं असतं, आणि वजन पाहता दोन मांजरांना. बाद. तक्त्यात माणसं संपली. (मामीचं नाव मी तक्त्यात घातलंच नव्हतं. ती त्या गाडीला धूड म्हणते आणि जाताना पदर सावरून, भिंतीला चिकटून जाते. ही माझी चूक. तपासणीत नग चेहऱ्यावरून वगळायचा नसतो.)

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत बसले. तिथून पत्रा आणि अर्धी गाडी दिसते. दुपारचे दोन चाळीस. सगळी गल्ली निजलेली, नळांना पाणी नाही, पंख्यांचाच काय तो आवाज. स्वयंपाकघराचं दार उघडलं. मामी हात पुसत बाहेर आली. तिने निळी चादर टाकीवरून बाजूला केली, झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करतात तशी, आणि वाकून कॉक फिरवला. चालू, रिझर्व्ह, परत बंद. मग ती सीटवर एक हात ठेवून उभी राहिली आणि गाडीशी बोलली. मी ऐकायला बसले नव्हते, पण ऐकू आलं, तेव्हा जसंच्या तसं देते.

"उभी राहून खराब होतेस म्हणे. मी काय रोज हवा फिरवते?" मग सीटवरून एकदा हात फिरवला. "मला कुणी काही सांगितलेलं नाही. पण यायचं असतं तर तुला कशाला विकली असती, नाही का? तेवढं कळतं मला."

चादर परत ओढली, टोकं खाली खोचली, आणि आत गेली. आत जाताना म्हणाली, "धूड मेलं."

मी खिडकीत पंचवीस मिनिटं बसून होते. मग मामी डोळा लागून पडली तेव्हा स्वयंपाकघरात गेले आणि डब्यांचं कपाट उघडलं. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला तुमचा कागद चिकटवलेला आहे, 'मी नसताना', अकरा कलमं. मी चौदा महिने त्या कपाटातून साखर काढते आहे आणि तो कागद मी कधी वाचला नव्हता (कारखान्यात भिंतीवरच्या सूचना न वाचणाऱ्यांवर मी लेखी शेरे मारते). गॅसचा खटका. गच्चीवरची पाण्याची टाकी. विजेच्या मीटरचा आकडा. आणि सातवं: 'पेट्रोल कॉक रोज एकदा फिरवणे, नाहीतर रबर चिकटतं.' त्याच्या पुढे पेन्सिलीच्या उभ्या खुणा, चार उभ्या आणि पाचवी आडवी, अशा जुड्या. कागद भरल्यावर त्या दाराच्या लाकडावर उतरल्या आहेत आणि बिजागरीपाशी वळून पुन्हा वर चढल्या आहेत. चारशे तीस. तुम्ही गेल्यापासूनचे दिवस मी मोजले तर चारशे एकोणतीस होतात. एके दिवशी दोन खुणा आहेत. तो दिवस माझ्या डायरीत सापडला. त्या रविवारी तुमचा फोन आला नव्हता.

तर गळतीचं कारण असं: तुमचं कलम सात, टाकीतला गंज, आणि एक दिवसही खाडा न करणारी माझी मामी. कॉकचा दोष नाही.

मामीला मी काहीही बोलले नाही. शनिवारी टाकी पुन्हा धुतली, या वेळी पाच वेळा, आणि शेवटचं पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळलं तेव्हा फडकं पांढरं राहिलं. दुसरा वॉशर पुसून बसवला. मग दुपारी मामी एका कार्याला गेली असताना मी स्टुलावर बसून कॉक हाताने फिरवत राहिले. चालू, रिझर्व्ह, बंद. चालू, रिझर्व्ह, बंद. शंभरानंतर आकडे तोंडातून आपोआप येतात आणि माणूस दुसरीकडेच असतो. ऊन टाकीवरून सीटवर आलं, सीटवरून चाकावर. माझ्या बोटांना पेट्रोलचा वास लागला, तुमच्या खिशातल्या रुमालाला यायचा तो, आणि चारशेच्या आसपास केव्हातरी मला वाटलं की मी हे कुणातरी दुसऱ्याचं काम करते आहे, आणि ते मी करते आहे हे त्या माणसाला कळता कामा नये. थांबले तेव्हा गळती शून्य. किती वेळा फिरवला ते खाली लिहिते.

रविवारी तुमचे चष्मेवाले आले. सज्जन माणूस. काहीही बारकाईने पाहायचं असलं की चष्मा कपाळावर सरकवतात, हे त्यांच्या धंद्याला बरं नाही. त्यांनी कॉकखाली बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, "कोरडं ठाक," म्हणाले. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. ते खूश झाले. मी शिक्का मारल्यासारखी उभी. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून, इतका वेळ एक शब्द न बोललेली मामी म्हणाली, "तुमच्या घरी दुपारी कोण असतं?"

"दुपारी? कुणी नाही, वहिनी. मी दुकानात, आमची ही शाळेत."

"मग कॉक कोण फिरवणार?"

चष्मेवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, कारण मी ह्या विषयातली शिकलेली. मामीनेही पाहिलं. तिला वाटत होतं की मला काही माहीत नाही, आणि तरी तिने पाहिलं. मामा, महिन्यातून एकदा फिरवला तरी पुरतो. गाडी चालवणाऱ्याला तर मुद्दाम फिरवावाच लागत नाही. हे मला त्या क्षणी नीट ठाऊक होतं.

मी म्हटलं, "रोज एकदा फिरवावा लागतो. दुपारी."

"रोज?"

"खाडा चालत नाही," मामी म्हणाली.

चष्मेवाले विचार करून कळवतो म्हणाले आणि चहा न घेता गेले. फाटक लागल्यावर मामी म्हणाली, "माणूस चांगला होता. पण घरी कुणी नाही ना." मग तिने दोन कप चहा केला आणि आम्ही दोघी अंगणात, गाडीकडे तोंड करून प्यायलो.  

तेव्हा गाडी विकली गेलेली नाही. तांत्रिक कारण: गिऱ्हाईकाकडे दुपारचं माणूस नव्हतं. दुसरं गिऱ्हाईक पाठवायचं असल्यास ही अट आधी कळवावी.

कंबरेची काळजी घ्या. पायऱ्या मोजत चढू नका, मोजलं की वाढतात.

तुमची, या एका कामात सांगितल्याप्रमाणे न वागलेली,
भाची

ता. क. कलम सात तुम्ही कुठून आणलंत? गाडीच्या पुस्तकात ते नाही, मी पानन् पान पाहिलं. हे मामीला कळवू नये.

ता. क. दुसरा. दोन वर्षांचं तिला मी सांगितलेलं नाही. तिला आकडा माहीत नाही, बाकी सगळं माहीत आहे. त्यामुळे आता 'सावकाश' सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. येत्या रविवारच्या फोनवर सांगा, पहिल्या पाच मिनिटांत, मी त्या वेळी गच्चीवर जाईन.

ता. क. तिसरा. वर लिहायचं राहिलं. कॉक मी सातशे तीस वेळा फिरवून पाहिला. दोन वर्षांचे दिवस तेवढे होतात. तेवढ्याची लेखी हमी देते. पुढची देता येणार नाही, वॉशर दोनच होते.

ता. क. चौथा. मामी समोर बसून, मी काय लिहिते ते बघत नाही असं दाखवते आहे. तिने एक ओळ घालायला सांगितली: 'पावसापाण्याच्या दिवसांतही कॉक रोजच फिरवायचा का, आणि असा किती दिवस.' लिहून झाल्यावर म्हणाली, शेवटचं खोड, 'किती दिवस' ते. मी खोडलं आहे. आमच्या कारखान्यात नोंद खोडायची ती एकच बारीक रेघ मारून, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे. नियमाप्रमाणे खोडलं आहे.